एलडीएल आटोक्यात, एचएस-सीआरपी मात्र चढलेलं: कोल्चिसिन सुरू करावं का?

प्रश्न
६२ वर्षांचा रुग्ण, स्टेंट बसवून आठ महिने. रोसुवास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी) चालू, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ५८, एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी संवेदनशील रक्तचाचणी) ४.२. निव्वळ दाह कमी करायला कोल्चिसिनसारखं (गाउटवरचं जुनं औषध) वेगळं औषध देण्याइतका पुरावा आहे का? मेथोट्रेक्सेट (संधिवातात वापरलं जाणारं औषध) चालेल?

उत्तर १
आधी आकडा पक्का करा. साधं सीआरपी नको, एचएस-सीआरपीच हवं, आणि किमान दोन आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा. १० च्या वर गेलं तर धमन्यांचा विचार बाजूला ठेवून संसर्ग शोधा. हिरड्या, सांधे, तंबाखू, पोटाचा घेर हे तपासल्याशिवाय नवी गोळी लिहू नये.

उत्तर २
पुरावा आहे, पण सगळीच दाहविरोधी औषधं सारखी नाहीत. धमनीच्या भिंतीतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक मॅक्रोफेजमधला (भक्षक पांढऱ्या पेशींमधला) इन्फ्लमासोम, म्हणजे दाह पेटवणारा प्रथिनांचा संच, जागा करतात. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा (दाहाचा निरोप नेणारं प्रथिन), पुढे इंटरल्यूकिन-६, आणि मग यकृतातून सीआरपी. कॅन्टोस चाचणीत (२०१७) कॅनाकिनुमॅब या औषधानं इंटरल्यूकिन-१ बीटालाच अडवलं. एलडीएल होतं तिथंच राहिलं, तरी १५० मिग्रॅच्या मात्रेनं हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत आणि किंमतही अवाच्या सवा. मेथोट्रेक्सेट विसरा: सर्ट चाचणीत त्यानं ना इंटरल्यूकिन उतरले, ना सीआरपी, ना झटके.

राहिलं कोल्चिसिन, रोज ०.५ मिग्रॅ. लोडोको-२ चाचणीत (२०२०) स्थिर रुग्णांत घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. तुमचा रुग्ण त्याच गटातला, त्यामुळे विचार जरूर करावा.

उत्तर ३
इतकं सरळ नाही. क्लिअर सिनर्जी चाचणीत (२०२४) हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन किंवा नकली गोळी दिलेले एकूण ७,०६२ जण होते. सीआरपी उतरलं, घटना उतरल्या नाहीत. म्हणून सीआरपी खाली आलं एवढ्यावर औषध लागू पडलं असं मानू नका.

द्यायचंच तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघा. ईजीएफआर (त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर टाळा. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सोबत नको. त्यांनी कोल्चिसिन शरीरात साचतं. व्हेरापामिल, डिल्टियाझेम या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांचंही तेच, आणि हृदयरुग्णांच्या चिठ्ठीत ती हमखास सापडतात. स्टॅटिन चालू असताना स्नायू दुखायला लागले तर सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी) करा. जुलाब सुरुवातीलाच होतात, बरेच जण तिथेच गोळी सोडतात.

आणि ‘दाहशामक’ म्हणून डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यानं झटक्याचा धोका वाढतो.