घरच्या कॅसेटींसाठी डीव्हीडी रेकॉर्डर कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ_विश्रामबाग

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे घरच्या १४ व्हीएचएस कॅसेटी आहेत. पाच लग्नं, दोन मुंजी, भाच्याचं बारसं असं बरंच काही आहे. पण माझा जीव अडकलाय तो एकाच कॅसेटीत. बाबा नोकरी सांभाळून हौशी नाटकांत कामं करायचे. १९९३ साली सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात त्यांच्या ऑफिसच्या मंडळींनी केलेल्या नाटकाचं एकाने शूटिंग केलं होतं. त्यात बाबा म्हातारा शिपाई झालेत. काम जेमतेम बारा मिनिटांचं. बाबांचा आवाज आता आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

आई ८१ वर्षांची आहे. तिला मोबाईल, पेन ड्राइव्ह जमत नाही, पण टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये भजनांची डीव्हीडी ती रोज स्वतः घालते. म्हणून मला डीव्हीडीच करायची आहे आणि घरीच करायची आहे. मागे एका दुकानात दोन कॅसेटी दिल्या होत्या. त्यांनी दोन्ही मिळून सहा तासांचं शूटिंग एकाच डिस्कवर कोंबलं. माणूस जरा हलला की चेहऱ्याचे चौकोन होतात. बहिणीच्या सप्तपदीत तिचा चेहराच ओळखू येत नाही.

सध्या दोन गोष्टी समोर आहेत. कोल्हापुरात एकाकडे व्हीएचएस आणि डीव्हीडी एकत्र असलेला जुना कॉम्बो आहे. दुसरं म्हणजे अमेरिकेतला भाचा तिकडून चांगला रेकॉर्डर आणतो म्हणतोय. काय घेऊ? शिवाय २०१९ च्या पुरात गावभागातल्या जुन्या घरी पाणी शिरलं, तेव्हा तीन कॅसेटी भिजल्या. त्यांचं काही होईल का?

पुणे_३०

ताई, रेकॉर्डरचा जमाना गेला. यूएसबी कॅप्चर कार्ड मिळतं, म्हणजे कॅसेटीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं यंत्र. ते लॅपटॉपला लावा आणि फाईल करा. डिस्क हवीच तर नंतर बर्न करा.

मिरज_शूटिंग

ताई, अमेरिकेतला अजिबात मागवू नका. तिकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत एनटीएससी, ५२५ ओळींचं चित्र. आपली पाल, ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. तिकडचे बहुतेक रेकॉर्डर आपल्या व्हीसीआरचं चित्र घेतच नाहीत. वर ते ११०-१२० व्होल्टवर चालतात. भाच्याचा खर्च वाया जाईल.

मी मिरजेत पंचवीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलं. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरलेला पोरगा, तेव्हापासून. अनुभवाने सांगतो, तुम्ही रेकॉर्डरचा विचार करताय, पण आधी व्हीसीआरचा करा. कॅसेटीवरचं चित्र व्हीसीआर जेवढं उचलेल तेवढंच पुढे जाणार. नवे व्हीसीआर आता बनत नाहीत, शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जुनाच घ्यायचा. घेताना आपली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट सोबत न्या आणि तिथेच अर्धा तास चालवून बघा. हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, आधी साफ करून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा. कापूस लावू नका, त्याचे धागे हेडला अडकतात. चामडं एका जागी धरून हेड बसवलेला गोल ड्रम हाताने हळू फिरवायचा. वरखाली घासलं की हेड गेलंच म्हणून समजा.

कॉम्बो सोयीचा, वायरी नाहीत, काही नाही. पण एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात. त्यातली व्हीएचएसची यंत्रणाही बहुतेक वेळा हलकी असते. मी असतो तर व्हीसीआर वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा घेतला असता.

रेकॉर्डर जुना घेताना 'डिस्क वाचतो' यावर विश्वास ठेवू नका. या मशिनांत लेझरची लिहिण्याची ताकद आधी जाते, वाचण्याची नंतर. कोरी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) घेऊन जा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा, फायनलाइझ करा (म्हणजे रेकॉर्डिंग बंद करून डिस्क दुसऱ्या प्लेअरवर चालेल अशी करा) आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. फायनलाइझ न केलेली डिस्क आईंच्या प्लेअरवर उघडणारच नाही. कित्येक लोक इथेच अडकतात आणि मशीन खराब म्हणतात. सरावाला एक डीव्हीडी-आरडब्ल्यू ठेवा, पुसून परत वापरता येते.

आता तुमच्या दुकानातल्या चौकोनांबद्दल. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपी मोडमध्ये एक तास बसतो, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार, ईपीमध्ये सहा. जागा तीच, म्हणजे वेळ वाढला की चित्राच्या वाट्याला कमी येतं. बऱ्याच मशिनांत एलपीला चित्राची आडवी बारकाईच अर्धी होते. आपल्या कॅसेटी ई-१८०, तीन तासांच्या. त्यामुळे एका डिस्कचा हट्ट सोडा. मध्यंतराला तोडून एसपीत दोन डिस्क करा. नाटकाची कॅसेट एक्सपीत केलीत तरी चालेल, डिस्क लागतील तेवढ्या लागू देत.

लाईट गेली की चालू रेकॉर्डिंग जातं आणि फायनलाइझ होताना गेली तर डिस्क फुकट. व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्ही यूपीएसवर लावा.

भिजलेल्या कॅसेटी व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी कॅसेटीच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. उन्हातही ठेवू नका. कवचाला पाच स्क्रू असतात, ते काढून दोन्ही रिळं दुसऱ्या कोरड्या कवचात बसवता येतात. पण पहिल्यांदा करताना बाबांच्या कॅसेटीवर करू नका. मिरजेत आणून दिलीत तर मी करून देईन, पैसे नकोत.

सातारा_कास

मिरजेच्या दादांशी सहमत, त्यात थोडी भर घालतो.

जुन्या टेपवर ओळींची वेळ मागेपुढे होते, त्यामुळे चित्राच्या उभ्या कडा वाकड्यातिकड्या होतात आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो. स्वस्त कॅप्चर कार्ड अशा वेळी चित्रं गाळतं आणि आवाज मागे पडतो. पुणेकर मित्राचा उपाय चुकीचा नाही, पण टेप चांगली असेल तर. काही रेकॉर्डर येणारं चित्र आधी आतून नीट जुळवून घेतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठीच लोक अजून शोधतात. डिस्क न घालता नुसते मधे जोडले तरी ते काम करतात: व्हीसीआर, मग रेकॉर्डर, मग कॅप्चर कार्ड. तुमच्या कामाला हेच जमेल, डिस्कही होईल आणि फाईलही.

हार्ड डिस्कवाला रेकॉर्डर मिळाला तर सोन्याहून पिवळं. तीन तास सलग आत घ्या, नको ते काढा, मग डिस्कवर उतरवा. पण आतली हार्ड डिस्कही जुनी असणार, तिथे काही राहू देऊ नका.

घरच्या टेपवर 'कॉपी प्रोटेक्टेड' आलं तर घाबरू नका. झिजलेल्या टेपचा सिग्नल मशीनला कधी कधी विकतच्या कॅसेटीसारखा वाटतो. टेप एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळा, मग लावा.

आणि एवढं मात्र नक्की करा. आईंना डिस्क दिलीत तरी तीच डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डीव्हीडी-आरमधला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. आईंची प्रत खिडकीजवळ नको.

कृष्णाकाठ_विश्रामबाग

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

कॉम्बो घेतला नाही आणि भाच्यालाही नको सांगितलं. व्हीसीआर मिरजेच्या दादांनी बघून दिला. रेकॉर्डर साताऱ्यातून मिळाला, ईएस१५ नव्हे, पण एस-व्हिडिओ (साध्या वायरीपेक्षा चांगलं चित्र देणारी जोडणी) आहे आणि लिहितो नीट. पहिल्या दोन डिस्क मी फायनलाइझ करायला विसरले. तिसऱ्यापासून जमलं.

नाटकाची कॅसेट एक्सपीत तीन डिस्कवर उतरवली. सुरुवातीला पडदा, मग तिसरी घंटा, पुढच्या रांगेत कुणाचा तरी खोकला. बाबा दुसऱ्या अंकात येतात. आईने आवाज वाढवायला लावला आणि ते आत गेल्यावर मागे न्यायला सांगितलं. आता तिला मागे न्यायचं बटण येतं. डिस्क कपाटात भजनांच्या शेजारी ठेवल्या आहेत, खिडकीपासून लांब.

भिजलेल्या तिघींपैकी दोन दादांनी कवच बदलून चालू केल्या. तिसरीत बुरशी फार आहे. त्यात मोठ्या मामांचं लग्न आहे, १९८९ चं. कुणाकडे ई-१८० चं रिकामं कवच पडून असेल तर कळवा. सांगली, मिरज, तासगाव, कुठेही असलं तरी मी येऊन घेईन.