28 फेब्रुवारीचं भाषण: शास्त्रज्ञांच्या दंतकथा ठेवायच्या की काढायच्या?

पऱ्हाटी (धागाकर्ता):
विज्ञान दिन जवळ आला की आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत तेच चार किस्से फिरतात. आर्किमिडीज टबातून उठून उघडाच पळाला. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं. गॅलिलिओनं पिसाच्या मनोऱ्यावरून जड-हलके दोन गोळे टाकले, ते एकदमच पडले. रामनना बोटीवरून निळा समुद्र दिसला आणि नोबेल मिळालं. माझं स्पष्ट मत: हे किस्से भाषणातून काढा. त्यातले काही अर्धे खरे आहेत, मान्य. पण जिथून काम सुरू होतं तिथेच प्रत्येक किस्सा संपतो.

आर्किमिडीजचाच घ्या. मुकुटाची गोष्ट विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकारानं लिहिली, तीही आर्किमिडीज मेल्यावर दोनेकशे वर्षांनी. काठोकाठ भरलेल्या भांड्यात मुकुट बुडवला, पाणी मोजलं, सोनाराची चोरी सापडली, असं तो सांगतो. आता आकडे मांडा. मुकुट एक किलोचा धरू. सोन्याची घनता 19.3, म्हणजे शुद्ध मुकुट 51.8 घनसेंमीचा. सोनारानं 300 ग्रॅम सोनं काढून तेवढी चांदी (घनता 10.5) घातली, तर 64.8. फरक 13 घनसेंमी. मुकुट मावायला भांड्याचं तोंड 20 सेंमी तरी हवं, म्हणजे 314 चौसेंमी. पातळीतला फरक झाला 0.4 मिलिमीटर. काठावर पाणी पृष्ठताणानं याहून जास्त फुगून उभं राहतं. किश्शातल्या रीतीनं चोर सुटला असता!

गॅलिलिओला हे 1586 मध्येच खटकलं आणि त्यानं पाण्यात वजन करायच्या तराजूवर छोटा निबंध लिहिला. मुकुट आणि तेवढंच शुद्ध सोनं दोन बाजूंना टांगून दोन्ही पाण्यात सोडा, तोच फरक 13 ग्रॅम म्हणून काट्यावर दिसतो. हे कोणत्या भाषणात ऐकलंय?

झाडीपट्टी:
सर, तुमचा हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. हा हिशोब मांडायची इच्छा कशामुळे झाली? किश्शामुळेच ना? ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कुलूपबंद कपाट आहे, तिथे गोष्ट हेच एकमेव फुकटचं साधन आहे. ते काढून घेतलं तर उरेल काय, घोषवाक्यं आणि फेरी.

गोष्ट सांगा आणि लगेच तराजू करा. अर्धा किलोचं लोखंडी माप घ्या आणि बरोबर अर्धा किलो भरेल असा काळा दगड शोधा. बांबूच्या कामटीच्या टोकांना सुतळीऐवजी नायलॉनच्या दोरीनं टांगा, सुतळी पाणी पिते. हवेत समतोल झाला की दोन्ही बादल्या खालून वर उचला. माप सुमारे 70 घनसेंमीचं, दगड 170 च्या आसपास. शंभर ग्रॅमचा फरक पडतो, दगडाची बाजू झटक्यात वर जाते. बिघडतं कुठे? दगडाला बुडबुडे चिकटतात, आधी ओला करून बोटानं पुसून घ्या. बादलीच्या कडेला काही टेकू देऊ नका. आणि विटेचा तुकडा वापरू नका, तो पाणी शोषतो आणि उत्तर हळूहळू सरकत जातं.

सफरचंदाचं म्हणाल तर डोक्यावर पडलं हे खोटं, पण सफरचंद खोटं नाही. म्हातारपणी, एप्रिल 1726 मध्ये, न्यूटननं स्वतः आपला मित्र विल्यम स्टकलीला बागेत चहा पिताना ते सांगितलं आणि स्टकलीनं लिहून ठेवलं. ते काढायचं कशाला?

पऱ्हाटी:
कारण त्यात चंद्र नाही. सफरचंद पडताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. न्यूटनचा प्रश्न होता की हीच ओढ चंद्रापर्यंत जाते का. चंद्र पृथ्वीच्या 60 त्रिज्यांवर आहे. ओढ अंतराच्या वर्गानं कमी होत असेल तर तिथे ती 3600 पट कमी हवी. म्हणजे सफरचंद एका सेकंदात जे 4.9 मीटर पडतं, तेवढं पडायला चंद्राला एक मिनिट लागावं. चंद्राचा 27.3 दिवसांचा फेरा आणि अंतर यांवरून मोजलं तर तेवढंच येतं. ही आकडेमोड दहावीच्या मुलाला फळ्यावर जमते. सफरचंदाची बाग 1666 च्या आसपासची, गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ 1687 चा. मधली वीस वर्षं किस्सा गिळून टाकतो.

वऱ्हाडी_गोटी:
बाप्पा, तुमी दोघंबी कागदावरच भांडून राह्यले. गॅलिलिओचं पाहा ना जी. पोट्ट्याइले गोष्ट सांगतली का ते गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढतेत आन् वरून क्रिकेटचा चेंडू आन् टेनिसचा चेंडू सोडतेत. आता 12 मीटरवरून काय होते? क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमचा, टेनिसचा 58 चा, आकार जवळपास सारखाच. हवा हलक्याले जास्त अडवते. क्रिकेटचा चेंडू जमिनीले टेकते तवा टेनिसचा चांगला अर्धा मीटर वर रायते. पोट्टे म्हनतेत, जड आधी पडते, गुरुजी खोटं सांगतात! म्हून गोष्ट सांगाचीच नाई असं माह्यं म्हननं.

झाडीपट्टी:
भाऊ, टाकीवर चढायला कोणी सांगितलं? जिवावरचा खेळ आहे तो. शाळेच्या स्लॅबवरून, मोठ्या माणसानं, तीन मीटरवरून सोडा. तिथे तोच फरक तीनेक सेंमी राहतो, डोळ्याला कळत नाही. मात्र हातानं सोडू नका. जड वस्तूवर मूठ घट्ट असते, ती उशिरा सुटते आणि हलका चेंडू आधी निघतो. तरुण गॅलिलिओनं लिहून ठेवलंय की हलकी वस्तू सुरुवातीला पुढे जाते, त्यामागे हीच मूठ असावी. दोन्ही चेंडू फळीवर ठेवून फळी एकदम खाली ओढा.

शिवाय 1638 च्या ग्रंथात त्यानं हा फरक लपवला नाही. शंभर हातांवरून मोठा गोळा लहानाच्या दोन बोटं पुढे पोचतो, पण त्या दोन बोटांमागे ॲरिस्टॉटलचे नव्व्याण्णव हात लपवू नका, अशा अर्थाचं त्यानंच लिहिलंय (ॲरिस्टॉटलच्या मते शंभरपट जड गोळा शंभर हात पडेपर्यंत हलका एकच हात पडतो). ही ओळ किश्शात घाला, पोरांचा आक्षेप तिथेच मिटतो.

पऱ्हाटी:
मनोऱ्याची गोष्ट त्याच्या ग्रंथात नाही, ती शिष्य विव्हियानीनं नंतर चरित्रात लिहिली. गणिती सायमन स्टेविननं तर 1586 मध्येच हॉलंडमधल्या डेल्फ्टला 30 फुटांवरून शिशाचे गोळे टाकून पाहिले होते. गॅलिलिओची खरी कमाई उतरत्या खाचेची आहे, आणि ती गावात होते.

दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा एल-अँगल फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळतो. तो व्ही आकारात पालथा न घालता उताणा ठेवा, एक टोक 10 सेंमी उचला, मध्ये विटेचा टेकू द्या, नाहीतर वाकतो. बेअरिंगची गोळी सोडा. पूर्ण दोन मीटरला सुमारे 3.8 सेकंद, पहिल्या अर्ध्या मीटरला 1.9. निम्म्या वेळात पाव अंतर. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बोटाची चूक 0.2 सेकंदाची होते, म्हणून गॅलिलिओसारखं पाणी वापरा: रुंद बादली उंचावर, तिला सलाईनची नळी, गोळी सुटली की चिमटा सोडायचा, पोचली की दाबायचा. पाणी सोनार वापरतात तसल्या खिशात मावणाऱ्या डिजिटल काट्यावर मोजा. पूर्ण दोन मीटरच्या वेळचं पाणी अर्ध्या मीटरच्या वेळच्या दुप्पट वजनाचं यायला हवं. बाटली नको, पातळी उतरते तशी धार मंदावते.

आणि यावरून g (गुरुत्वीय त्वरण) काढायला जाऊ नका. 9.8 ऐवजी साडेपाचच्या आसपास येईल, कारण व्ही खाचेत गोळी घरंगळताना बरीच ऊर्जा गिरकीत जाते. हे न सांगितल्यामुळे तालुक्याच्या प्रदर्शनात चांगले प्रयोग ‘चूक’ ठरतात.

कोनाडा:
रामनवर कोणी बोललंच नाही, दिवस तर त्यांचा आहे. आपल्याकडे आणखी एक फिरतं, की शोधाची बीजं नागपुरात पडली. रामन 1910 च्या सुमारास वित्त खात्याचे अधिकारी म्हणून थोडा काळ नागपुरात होते, एवढंच. प्रकाशाचं काम कलकत्त्याचं.

बोटीचा किस्सा (1921, नार्कुंडा जहाज) खरा आहे, पण अर्धा. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ रॅले म्हणत होते की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामननी निकोल प्रिझममधून (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारा स्फटिक) बघत प्रतिबिंब कापलं आणि निळा उरलाच. तिथून 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणाम (विखुरलेल्या प्रकाशात थोडा बदललेला रंगही असणं) सापडेपर्यंत साडेसहा वर्षं लागली. 1923 मध्ये त्यांचे सहकारी रामनाथनना द्रवांत एक क्षीण ‘प्रतिदीप्ती’ (प्रकाश शोषून पदार्थानं दुसऱ्या रंगात परत सोडणं) दिसली, पुढे वेंकटेश्वरननी ग्लिसरिनमध्ये पाहिली, के. एस. कृष्णन यांनी ती साठाहून अधिक द्रवांत तपासली. विखुरलेला हा प्रकाश ध्रुवित (मुख्यतः एकाच दिशेत कंपणारा) होता, म्हणून ती नेहमीची प्रतिदीप्ती नव्हे, हे पक्कं झालं. भाषणात या तिघांपैकी एकही नाव येत नाही. ‘एका माणसाला सुचलं’ ही दंतकथा सफरचंदापेक्षा जास्त नुकसान करते.

झाडीपट्टी:
नावं घ्या, जरूर घ्या. पण ती घेताना रामनना खाली खेचू नका. प्रश्न त्यांचा होता, अडचणीच्या पाच-सहा वर्षांत तो सोडला नाही त्यांनीच. आठवड्याभराच्या फरकानं मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम या शास्त्रज्ञांनाही हेच दिसलं होतं. रामननी छापायची घाई केली नसती तर दिवस आपला राहिला नसता.

वऱ्हाडी_गोटी:
रामानुजनचं काय? देवीनं सपनात सूत्र देल्ले, हे पोस्टर दर वर्षी लागते.

कोनाडा:
ते लावायचंच असेल तर शेजारी पाटी ठेवा. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणित करत, कोपरानं पुसत आणि वहीत फक्त निकाल उतरवत. त्यामुळे पायऱ्या दिसत नाहीत आणि चमत्कार वाटतो. मूळ संख्यांबद्दलची त्यांची काही विधानं चुकलीही होती. इंग्रज गणिती हार्डी 1729 क्रमांकाच्या टॅक्सीनं भेटायला आले तेव्हा त्या आकड्याची गंमत रामानुजनना तिथल्या तिथे सुचली नाही, ती त्यांच्या वह्यांत आधीच होती. पोरांना 1 ते 12 चे घन द्या, दोन-दोनच्या 78 बेरजांचा तक्ता करायला लावा. एकच बेरीज दोनदा येते: 1 + 1728 आणि 729 + 1000.

पऱ्हाटी:
हे मान्य. रामनबाबत मात्र प्रदर्शनातला एक घोळ थांबवाच. पाण्यात दोन थेंब दूध टाकून टॉर्च मारला की पाटी लागते ‘रामन परिणाम’. तो टिंडाल परिणाम आहे, रंग बदलत नाही, फक्त विखुरतो. पालकाच्या स्पिरिटमधल्या अर्कात हिरवा लेसर टाकला की लाल दिसतं, तीही रामन नव्हे, प्रतिदीप्ती. तपासायचं सोपं आहे: जांभळा लेसर टाका, तरी तोच लाल येतो. रामनमध्ये टाकलेला रंग बदलला की बाहेरचाही त्याच्याबरोबर सरकतो. आणि विखुरलेल्या कोटीभर फोटॉनांत (प्रकाशकणांत) असा एखादाच, त्यामुळे शाळेत तो दिसणार नाही. लेसर डोळ्यांच्या उंचीवर कधीच धरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

झाडीपट्टी:
मग बोटीवरचं दाखवा, ते दिसतं. आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. वारा नसलेली सकाळ निवडा. पाण्याच्या पृष्ठभागाशी 37 अंशांचा कोन होईल असं खाली बघा, तिथे प्रतिबिंब जवळपास पूर्ण ध्रुवित असतं. पोलरॉइड चकती (हीही एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देते) फिरवली की आकाशाची चकाकी विझते आणि पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. तो निळा नसेल, गाळ आणि शेवाळ्यामुळे हिरवट-मातकट असेल. ते आधीच सांगा.

चकती बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून सावकाश सोलून मिळते. थिएटरचा थ्रीडी चष्मा असेल तर उलटा धरा, डोळ्याकडची बाजू तलावाकडे. सरळ धरून चकाकी जात नाही. बाजारातला ‘पोलरॉइड’ गॉगल आधी मोबाइलच्या पडद्यासमोर फिरवून बघा, पडदा कुठेच काळा झाला नाही तर ती बहुधा नुसती रंगीत काच आहे.