अल्ट्रावाइड मॉनिटरसाठी प्रीबिल्ट की असेंबल? माझं मत प्रीबिल्टच

चोपडेकर:

मॉनिटर आधी आला, पीसी अजून यायचाय. ३४ इंची अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा रुंद स्क्रीन), ३४४० बाय १४४० पिक्सेल, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं). २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हाच घ्यायचं ठरवलं होतं. आता आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत पीसी हवाय. बजेट दोन लाख. ज्याला विचारावं तो म्हणतो, प्रीबिल्ट, म्हणजे तयार जोडलेला पीसी, घेऊ नको, फसशील. मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो.

मी दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री गेम खेळतो. मशीन दोन्हीसाठी एकच. चार वर्षांपूर्वी सुटे पार्ट घेऊन असेंबल केलेला पीसी ऐन लग्नसराईत बंद पडला. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेला. मदरबोर्डवाले म्हणाले बोर्ड ठणठणीत आहे, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तपासा. एसएमपीएस तपासायला मुंबईला गेला. एकूण २३ दिवस. दोन लग्नांचं काम मी जळगावात मित्राच्या ऑफिसात रात्री बसून पूर्ण केलं. प्रत्येक पार्टची वॉरंटी शाबूत होती, पण पूर्ण मशीनची जबाबदारी घेणारं कोणीच नव्हतं. प्रीबिल्टला बिल एक, फोन नंबर एक.

दुसरं कारण भाव. २०२५ च्या शेवटापासून रॅम महागलीय, कारण मेमरीचा मोठा हिस्सा एआयच्या डेटा सेंटरकडे चाललाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपण ३२ जीबी सुटी घ्यायला गेलो की आजचा भाव मोजतो. ज्यांनी मशीन आधी बांधून ठेवलीत, त्यांच्याकडे अजून जुन्या भावाचा माल सापडतो.

ग्राफिक कार्डाबद्दल लोक अल्ट्रावाइडला कमी लेखतात, म्हणून हिशोब मांडतो. ३४४० बाय १४४० म्हणजे साधारण ४९ लाख ५४ हजार पिक्सेल. साध्या १४४०पी (२५६० बाय १४४०) मॉनिटरपेक्षा ३४ टक्के जास्त. त्यातून १६५ हर्ट्झ पूर्ण वापरायचे तर सेकंदाला ८१ कोटींच्या वर पिक्सेल काढावे लागतात. फोर-के ६० हर्ट्झला ५० कोटीही लागत नाहीत. म्हणून आरटीएक्स ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटी, दोन्ही १६ जीबीची, यांच्या खाली मी उतरणार नाही.

तुमचं मत सांगा, पण "प्रीबिल्ट वाईटच" असं मोघम नको.

जळगावचा असेंबलर:

भाऊ, मी बारा वर्षं पीसी बांधतोय, म्हणजे माझा स्वार्थ उघडच आहे. तरी बोलतो.

मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक एका मोठ्या कंपनीचं मशीन घेऊन आलं. गेम खेळताना बंद पडतंय म्हणे. साइड पॅनल काढलं. प्रोसेसर एकदम वरचा, बाहेर स्टिकर मोठा. आत रॅमची एकच काडी, म्हणजे सिंगल चॅनल, मेमरी एकाच वाटेने चालते. मदरबोर्ड सगळ्यात खालच्या चिपसेटचा आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंक नाही. एसएमपीएस हातात घेतला तर वजनावरूनच कळलं. तो बदलायला गेलो तर मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर त्या कंपनीचा वेगळाच, बाजारातला एसएमपीएस बसेचना. स्क्रूची जागाही वेगळी. त्या माणसाला मी परत पाठवलं, दुसरं काही करता आलं नाही भो.

एक फोन नंबर हे खरं, पण त्या नंबरवरचा माणूस चोपड्याला येतो का? आणि बहुतेक प्रीबिल्टची वॉरंटी एक वर्षाची. मी बांधला तर कार्डाला तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा. तुमच्या दुकानदाराने हात झटकले. तो दोष त्या दुकानदाराचा. असेंबल करणं त्यामुळे वाईट ठरत नाही.

चोपडेकर:

दादा, तुम्ही सांगितलेलं मशीन मी फुकट दिलं तरी घेणार नाही. पण प्रीबिल्ट दोन जातीचे असतात. एक मोठ्या कंपनीचं, आत सगळं तिच्याच मापाचं. दुसरं, बाजारात मिळणारेच पार्ट जोडून तयार विकणाऱ्यांचं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय. विकत घेण्याआधी मी प्रत्येक पार्टचं कंपनीसकट मॉडेल लेखी मागतो. "७५० वॅट गोल्ड एसएमपीएस" एवढं चालत नाही, कोणाचा आणि कुठलं मॉडेल ते हवं. तिघांना विचारलं. एकाने यादी पाठवली, एकाने फोन केला पण नाव सांगेना, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. म्हणजे चाळणी लावली की निम्मं काम होतं.

नंदुरबारची ताई:

चोपडेकर भाऊंच्या बाजूने, पण दोन गोष्टी सोसून शिकलेय त्या सांगते. मुलासाठी असाच बाजारातल्या पार्टचा प्रीबिल्ट मागवला होता, मॉनिटरही अल्ट्रावाइड.

खोकं आलं तेव्हा मुलगा लगेच प्लग लावायला निघाला. मी थांबवलं, कारण हलवलं की आत काहीतरी खडखड वाजत होतं. काच काढली. ग्राफिक कार्ड स्लॉटमधून अर्धं बाहेर आलेलं, एका बाजूने लोंबकळत होतं, आणि एक स्क्रू तळाशी पंख्याशेजारी पडलेला. तसंच चालू केलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. खोकं उघडण्यापासूनचा व्हिडिओ काढलेला होता, म्हणून विकणाऱ्याने वाद घातला नाही. माणूस पाठवला, पण नाशिकहून, सहाव्या दिवशी. तेव्हा ऑनसाइट वॉरंटी म्हणतात तिथे आपला पिनकोड टाकून बघा आणि किती दिवसांत येणार ते लेखी घ्या. मोठी कार्डं एक-दीड किलोच्या वर जातात, खाली टेकू आहे का तेही विचारा.

दुसरं, तीन आठवडे मुलगा म्हणत होता, आई, एवढा महागाचा मॉनिटर, पण फरक वाटत नाही. केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलेली होती. कार्डाला मॉनिटर जोडलेलाच नव्हता! कार्डात लावली तरी शंभरच्या वर जाईना, कारण त्या मॉनिटरचं एचडीएमआय २.० होतं आणि त्याला या रिझोल्यूशनला १६५ झेपत नाही. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १६५ केले, तेव्हा कुठे. माउसचा बाण हलवताच त्याचा चेहरा बदलला. विकणारे हे कोणी सांगत नाहीत.

एमएच-१८ धुळे:

मला तुमचा वाद एका जागी चुकतोय असं वाटतं. प्रीबिल्ट की असेंबल हे नंतर, आधी १६५ च्या मागे लागू नका. मॉनिटर १६५ चा आहे म्हणून प्रत्येक गेम १६५ ने चाललाच पाहिजे असं कुठे आहे? अडॅप्टिव्ह सिंक (स्क्रीनचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असेल तर ९० ते ११० फ्रेमला कथेचा गेम लोण्यासारखा चालतो. ६० फ्रेमला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० ला १० आणि १६५ ला ६. पहिली उडी डोळ्यांना कळते, दुसरी फार थोड्यांना. एल्डन रिंग तर ६० फ्रेमच्या वर जातच नाही आणि अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या दाखवतो. तिथे ५०७० टीआय काय करणार?

नेमबाजीच्या गेमला १६५ हवेत, मान्य. पण ते गेम सेटिंग कमी ठेवून खेळतात. तिथे कार्डाच्या आधी प्रोसेसर दमतो. म्हणून साधं ५०७०, डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणं) क्वालिटीवर, आणि उरलेल्या पैशात ७८००एक्स३डी प्रोसेसर. दोन लाखांत हे आरामात बसतं.

चोपडेकर:

धुळेकर भाऊ, फ्रेमबद्दल तुमचं ऐकतो. पण ५०७० ला १२ जीबी मेमरी आहे. अल्ट्रावाइडवर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा हिशोब) आणि भारी टेक्श्चर लावले की ती भरते, आणि भरली की गेम अडखळतो, तिथे डीएलएसएसने फार फरक पडत नाही. शिवाय मला फोर-के फुटेज एडिट करायचं असतं. १६ जीबीवर मी ठाम आहे. प्रोसेसर मात्र मी रायझन ५ ७६०० वर आणला तरी चालेल. एएम५ चं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) आहे, दोन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी बसेल. कार्ड बदलणं त्याहून महाग पडतं.

एमएच-१८ धुळे:

एडिटिंगमुळे १६ जीबी मान्य. फक्त गेमसाठी घेणाऱ्याला मी अजूनही ५०७०च सांगेन.

तापीकाठ, भुसावळ:

सगळं वाचलं. कार्ड, प्रोसेसर, वॉरंटी सगळं आलं, पण तुम्ही मशीन ठेवणार कुठे आणि कोणत्या महिन्यात ते कोणीच बोललं नाही. आखाजीला घेणार म्हणता, म्हणजे पहिला महिनाच मे!

परदेशातल्या चाचण्या २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे बाहेर ४४-४५ असताना पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी ३८ सहज असतात. खोली १३ अंशांनी गरम तर आतले पार्टही जवळपास तेवढेच वर. चाचणीत ७० दाखवणारं कार्ड माझ्याकडे ८३ ला गेलं, पंखे किंचाळायला लागले आणि वेग आपोआप उतरला. समोर अखंड काच असलेलं कॅबिनेट होतं, दिसायला सुंदर, पण हवा घ्यायला बाजूला बोटभर फट. काच काढून जाळीचं पॅनल लावलं, समोर दोन १४० मिलिमीटरचे पंखे, आणि ७-८ अंश उतरले. प्रीबिल्ट विकणारे काचेचीच कॅबिनेट पुढे करतात, कारण फोटोत दिवे दिसतात.

५०७० टीआय एकटं ३०० वॅट खातं, एनव्हिडिया त्याला ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते. प्रोसेसर, मॉनिटर धरून गेम चालू असताना ४५० वॅट धरा. रोज चार तास म्हणजे महिन्याला ५४ युनिट. आणि ते ४५० वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत राहतात. डेझर्ट कूलर असेल तर मे महिन्यात तो उपयोगाचा, हवा कोरडी असते. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, बारीक तुषार येतात. माझ्या जाळीवर आपल्या पाण्याचे पांढरे डाग पडलेत.

म्हणून मी १६५ ची स्क्रीन १२० फ्रेमला बांधून ठेवतो आणि कार्ड थोडं अंडरव्होल्ट केलंय (कमी व्होल्टवर चालवतो). पंख्यांचा आवाज निम्मा झाला, खेळताना फरक मला तरी कळत नाही. धुळेकर म्हणतात ते असं उन्हाळ्यातून पटतं. यूपीएसही धरा, प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी लहर देणारा). एडिटचा एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली तर फाइल जाते, आणि घरातला इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, तो ४५० वॅट आणखी ओढेलच असं नाही.

जळगावचा असेंबलर:

खरं शे. माझ्याकडे मे-जूनमध्ये येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त उष्णतेच्या असतात, आणि बहुतेक काचेच्या कॅबिनेटच्या. प्रीबिल्टच्या यादीत कॅबिनेटचं मॉडेल असतं पण ते कोणी विचारत नाही. मी जाळीचंच लावतो, मग गिऱ्हाईक दिव्यांसाठी कितीही रुसो.

चोपडेकर:

कॅबिनेट माझ्या यादीत नव्हतं, हे कबूल. ज्याने पूर्ण यादी पाठवली त्याच्या मशीनचं पान आत्ता उघडून पाहिलं. समोर काच. त्याला जाळीचं मागितलं तर म्हणतो, बदल केला की ते प्रीबिल्ट राहत नाही, भाव नव्याने लागेल, रॅमसुद्धा आजच्या दराने. म्हणजे माझं भावाचं कारण निम्मं गेलं. पण जबाबदारीचं कारण जात नाही. मला २३ दिवस पुन्हा नकोत.

जळगावचा असेंबलर:

मग मी काय करू शकतो ते सांगतो, पटलं तर बघा. पार्ट तुमच्या यादीचेच, जाळीचं कॅबिनेट, ३२ जीबी दोन काड्यांत, एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग देणारं सेटिंग) चालू करून. बिलावर लिहून देतो: मशीन बंद पडलं तर दोष कुठल्या पार्टात हे शोधणं माझं काम, आणि तीन दिवसांच्या वर लागले तर दुकानातला माझा स्वतःचा पीसी तुमच्याकडे, दुरुस्ती होईपर्यंत. चोपडा काही लांब नाही, मी गाडीने आणून लावून देईन. दोन लाखांत बसवतो, पण यूपीएस वेगळा.

चोपडेकर:

दादा, मी प्रीबिल्ट म्हणत होतो ते याच एका वाक्यासाठी. "दोष शोधणं माझं काम" हे मला चार वर्षांपूर्वी कोणी लिहून दिलं नाही. तुम्ही लिहून देत असाल तर शनिवारी येतो. मात्र मॉनिटर सोबत आणणार, तुमच्या टेबलावर १६५ हर्ट्झला तासभर गेम चालवून तापमान बघणार, आणि तेही दुपारी दोनला, एसी बंद ठेवून. चालेल का?

जळगावचा असेंबलर:

दोनला या. एसी तसाही माझ्याकडे नाही.

नंदुरबारची ताई:

भाऊ, मॉनिटरच्या खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल न विसरता न्या.