ल ब्रुनचे घाबरलेले चेहरे बघून कुणी घाबरतं का?

शाईचा_डाग:
शार्ल ल ब्रुन, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार. भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर त्याने १६६८ मध्ये पॅरिसच्या चित्रकला अकादमीत व्याख्यान दिलं. तो गेल्यावर १६९८ मध्ये ते छापचित्रांसकट पुस्तकात आलं आणि पुढची कित्येक वर्षं युरोपभरचे विद्यार्थी ते चेहरे गिरवत बसले. भीतीचं सगळं ठरलेलं: भुवया मधोमध वर, डोळे फाडलेले, तोंड वासलेलं, केस ताठ. माझं स्पष्ट मत, या पुस्तकाने छापचित्रातल्या भीतीची पार वाट लावली. ही माणसं घाबरलेली नाहीत, सोंग घेऊन बसलीत.

तिरकी_रेघ:
साफ असहमत. व्याख्यानात ल ब्रुन पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याबद्दल, डोळ्यांतल्या लालीबद्दलही बोलतो. काळ्या शाईत ते दाखवणार कसं? मग हाताशी उरतात फक्त रेघा, आणि रेघेत पकडता येते ती भुवई आणि तोंड. शिवाय फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते आत्म्याचं ठाणं मेंदूतल्या एका ग्रंथीत, म्हणून त्या ग्रंथीजवळची भुवई सगळ्यात जास्त बोलते, असा ल ब्रुनचा हिशेब. शरीरशास्त्र चुकलं असेल, पण शिकणाऱ्याला बाराखडी तर मिळाली!

शाईचा_डाग:
बाराखडी ठीक, पण लोक पुढे वाचायलाच शिकले नाहीत. त्याआधीचा डच चित्रकार रेम्ब्रांट बघा. १६३० चं एचिंग (धातूच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने कोरून केलेलं छापचित्र), जेमतेम ५ सेंटीमीटरचं. डोक्यावर टोपी, डोळे विस्फारलेले, ओठ विलग. सुई भरभर फिरलीय, केसांच्या रेघा तर नुसत्या विस्कटल्यात. अचानक दार वाजावं आणि माणसाने दचकून वळावं, तसा चेहरा.

तिरकी_रेघ:
अहो, रेम्ब्रांट आरशासमोर स्वतःच तोंडं वेडीवाकडी करत होता! तेही सोंगच की. फक्त हात चांगला.

फुकटचा_सल्ला:
दोघांनाही एक सांगतो. १८७२ च्या भावनांवरच्या पुस्तकात डार्विनने भयाचा चेहरा म्हणून फ्रेंच डॉक्टर द्युशेनच्या फोटोवरून केलेलं छापचित्र घातलं. मूळ फोटोत एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या कांड्या लावून स्नायू आखडवले होते. छापचित्र कोरणाऱ्याने कांड्या आणि त्या धरणारे हात उडवले, उरला नुसता भेदरलेला म्हातारा. आता यात खरं काय शोधणार?

शाईचा_डाग:
हेच तर माझं म्हणणं! एकटा चेहरा कापून काढला की भीती संपते. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धावरच्या छापचित्र-मालिकेतलं २६वं चित्र, ‘पाहवत नाही’, आठवा. कुणी गुडघ्यांवर बसून हात जोडतंय, कुणी तोंड लपवलंय. मारणारे चित्रात नाहीतच, उजव्या कडेतून नुसती संगिनींची टोकं आत आलीत. मला धडकी भरते ती त्या टोकांनी. त्याच्या हयातीत ही मालिका प्रसिद्धच झाली नाही, आली ती १८६३ मध्ये. अकादमीतल्या पोरांना वेळेवर मिळायला हवी होती.

तिरकी_रेघ:
मग एक करा. त्या संगिनींवर अंगठा ठेवून बघा. हात जोडणारा तरीही घाबरलेलाच दिसतो, आणि ते तुम्हाला कळतं ते चेहऱ्यावरूनच.

शाईचा_डाग:
ठेवला. मला तो प्रार्थना करणारा वाटतोय.