डाव्या स्तनात गाठ: फक्त गाठ काढावी की पूर्ण? गुरुवारपर्यंत सांगायचंय

माढ्याची_बाई
नमस्कार. मी ४७ वर्षांची, माढा तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आंघोळ करताना डाव्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं, बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. गाठ २.४ सेंटीमीटर, ग्रेड २, ईआर पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह, काखेत सोनोग्राफीत काही दिसलं नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात पूर्ण स्तन काढून टाकू. पुण्याचे म्हणतात तेवढी गाठच काढायची आणि नंतर तीनेक आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा, पूर्ण काढायची गरज नाही. दोघंही नीट समजावून बोलले, दोघांचंही पटलं आणि तिथंच माझी पंचाईत झाली.
घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बारावीला. हातात रोख अडीच लाख आहेत. बिलाची प्रतिपूर्ती मिळेल पण कधी मिळेल ते सांगता येत नाही. नवीन स्तन बनवून घेणं, इम्प्लांट वगैरे मला नकोय, ते कृपया सुचवू नका. ज्यांनी स्वतः यातलं एक निवडलंय त्यांनी सांगा, का निवडलं आणि आता काय वाटतं.

सांगलीचे_काका
ताई विचार करत बसू नका, पूर्ण काढून टाका. आमच्या मिसेसचं २०११ ला झालं, डॉक्टरांनी मुळासकट काढलं, आज ठणठणीत आहे, पहाटे पाचला उठून द्राक्षबागेत जाते. अर्धवट ठेवलं की परत येतंच. आणि पूर्ण काढलं की केमो पण लागत नाही. या वयात ते ठेवून करायचंय काय.

नेहा_पुणे
काका, "या वयात करायचंय काय" हे तुम्ही ठरवू नका प्लीज.
ताई, मी २०२१ ला फक्त गाठ काढली, तेव्हा ४४ ची होते. खरं सगळं सांगते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये काढलेल्या तुकड्याच्या एका कडेला कॅन्सरच्या पेशी निघाल्या, मार्जिन पॉझिटिव्ह म्हणतात, त्यामुळे अकराव्या दिवशी मला परत टेबलावर घेतलं. ते अकरा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. नंतर शेक १५ आणि वर बूस्टचे, म्हणजे गाठीच्या जागेवरच जादा, ५. शेवटच्या आठवड्यात स्तनाखालची कातडी काळी पडून सोलली, नवऱ्याच्या जुन्या सुती बनियनशिवाय अंगाला काही सहन होत नव्हतं. पण महिन्याभरात भरून आलं. आज एक वण आहे आणि ती बाजू थोडी लहान आहे, बस. परत वेळ आली तरी हेच करेन. सगळा मिळून साडेपाच लाख खर्च आला, पण हॉस्पिटल एकदम छान होतं, स्वतंत्र खोली वगैरे.

माढ्याची_बाई
नेहाताई धन्यवाद. साडेपाच लाख मला जमणार नाहीत.

जर्सीची_मुक्ता
मी न्यू जर्सीला असते. तुम्ही नको म्हटलंय ते वाचलं, पण तरी सांगते कारण मला कुणी सांगितलं नसतं तर मी पण नकोच म्हटलं असतं. माझी बीआरसीए१ (घराण्यातून येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला दोष) पॉझिटिव्ह निघाली म्हणून मी दोन्ही बाजू काढल्या आणि त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची चरबी आणि कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून दोन्हीकडे बसवली. दहा तास ऑपरेशन चाललं, महिनाभर वाकून चालत होते, पण आज आरशात बघताना वाईट वाटत नाही. इम्प्लांट नाहीये ते, स्वतःचंच मांस आहे. निदान प्लास्टिक सर्जनशी एकदा बोला तरी.
आणि जीन टेस्टचं विचारा. आई, मावशी, आत्या, बहीण, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का? असेल तर ऑपरेशन ठरवायच्या आधी ती टेस्ट झालेली बरी, कारण पॉझिटिव्ह आली तर सगळं गणितच बदलतं.

निसर्गाकडे_चला
चाकू लागला की कॅन्सर पसरतो हे आमच्याकडे दोन जणांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. आधी तीन महिने हळद, गोमूत्र आणि साखर बंद करून बघा, ऑपरेशन कुठं पळून जात नाही.

निवृत्त_सिस्टर
तीन महिने थांबायला सांगणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं. मी मुंबईत एकतीस वर्षं ओटीत काम केलं. सुपारीएवढी गाठ घरी उपचार करत बसल्यामुळे फुटून, वास सुटल्यावर आलेल्या बायका मी माझ्या हातांनी ड्रेसिंग केल्यात. त्यांच्या चेहऱ्यांची मला आजही आठवण येते.
बाई, आता तुमचं. पूर्ण काढलं म्हणजे जास्त जगतो हा समज फार जुना आहे. इटलीत मिलानला आणि अमेरिकेत, दोन्हीकडे हजारो बायकांचा वीस वीस वर्षं पाठपुरावा केला, २००२ ला त्याचे निकाल छापून आले. गाठ काढून शेक घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या, दोघींचं आयुष्य सारखंच निघालं. फरक एवढाच की ठेवलेल्या स्तनात परत गाठ येण्याची शक्यता थोडी राहते. मिलानच्या अभ्यासात वीस वर्षांत शंभरात साधारण नऊ जणींना तिथंच परत आली, पूर्ण काढलेल्यांत दोघींना. तशी आली तर तेव्हा पूर्ण काढता येतं.
पण शेक चुकवायचा नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात गाठ काढून शेक न घेतलेल्यांत शंभरात ३९ जणींना त्याच स्तनात परत आली, घेतलेल्यांत १४. म्हणून ज्यांना शेकाला रोज जाणं शक्यच नाही त्यांना मी स्वतः सांगायचे, बाई पूर्ण काढा.
काका, केमोचा आणि स्तन पूर्ण काढण्याचा संबंध नाही. गाठीची जात काय, काखेत पोचलंय का, यावर केमो ठरतो. काखेत जास्त पसरलेलं निघालं तर पूर्ण काढूनसुद्धा शेक लागतो.

सांगलीचे_काका
सिस्टर तुमचा अनुभव असेल पण आमच्या मिसेसला केमो लागला नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अभ्यास परदेशातले आहेत, आपल्याकडच्या बायकांना ते लागू पडतील असं नाही.

परळवारी
माझ्या बहिणीचं टाटाला झालं, तिची पण फक्त गाठच काढली, म्हणजे आपल्याकडच्या बायकांचं पण होतं काका. बाई तुम्ही सरळ मुंबई गाठा. कुर्डुवाडीवरून रात्री सिद्धेश्वर पकडायची, सकाळी दादर. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफ आहे, सोबतच्याला पण फुकट. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

कुर्डुवाडीकर
सोबतच्याला फुकट नाही, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के माफ आहे, २५ टक्के भरावे लागतात. फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो.

परळवारी
आम्हाला एकदा पण पैसे भरावे लागले नव्हते.

कुर्डुवाडीकर
भरले असतील, लक्षात नसेल. मी वडिलांना दोन वर्षं नेलंय, काउंटरवर मीच उभा राहायचो. बरं ते जाऊ द्या. बाई, शेकासाठी पुण्यात किंवा मुंबईत तीन आठवडे राहायचं काहीच कारण नाही. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे ना, तिथं शेकाची सोय आहे. ऑपरेशन कुठंही करा, शेक तिथं घ्या, सकाळी जाऊन दुपारी घरी. आणि महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही बसतात, आता पाच लाखांपर्यंत आहे, तुम्ही निवडाल ते हॉस्पिटल योजनेत आहे का तेवढं आधी विचारा.

अनघा७२
सगळ्यांनी सांगितलंच आहे पण मी पण तेच म्हणेन, घाई करू नका, सेकंड ओपिनियन घ्या.

नेहा_पुणे
त्यांनी दोन ओपिनियन घेतलीत म्हणूनच हा धागा काढलाय.

इचलकरंजीची_वैशाली
मी २०१६ ला पूर्ण काढलं. कुठं ते लिहीत नाही, पण मला कुणीही सांगितलं नाही की दुसरा पर्याय असतो. दीड सेंटीमीटरची गाठ होती माझी. दोन वर्षांनी एका बाईशी बोलताना कळलं की फक्त गाठपण काढता येते, त्या रात्री मी झोपले नाही.
आता मी सरावलेय. बाजारातला सिलिकॉनचा वापरून बघितला, उन्हाळ्यात घामानं पुरळ यायचं. आता सुती दोऱ्यानं विणलेला वापरते, आत कापूस आणि तळाला मूठभर मोहरी शिवलीय, त्यानं वजन येतं आणि तो वर सरकत नाही. पण भिशीत बसलं की हात आपोआप पदराकडे जातो, तो अजून जातोच. तुम्हाला विचारतायत, तुमच्याकडे पर्याय आहे, तर ठेवा असं मी म्हणेन.
आणि कुठलंही ऑपरेशन करा, हाताचे व्यायाम सोडू नका. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज बोटं चढवत न्यायचे आणि जिथं पोचली तिथं पेन्सिलीनं रेघ मारायचे. पहिल्या दिवशी खांद्याच्या पण खाली होती, पाचव्या आठवड्यात फळीवरचा साखरेचा डबा काढला. त्या रेघा रंग देताना पुसू दिल्या नाहीत.

निवृत्त_सिस्टर
वैशाली, व्यायामाचं अगदी बरोबर.
बाई, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून घ्या. गाठ नेमकी कुठं आहे आणि ती काढल्यावर आकार कसा राहील. मॅमोग्राफीत त्याच स्तनात दुसरीकडे काही आहे का. काखेतल्या सगळ्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढणार की आधी निळा रंग सोडून पहिल्या दोनचारच तपासणार, कारण सगळ्या काढल्या की हात सुजायचा धोका वाढतो. डावी बाजू आहे, शेक घेतलात तर श्वास रोखून द्यायची सोय आहे का, त्यानं हृदय लांब राहतं.
आणि चाकूनं पसरतं म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते. टाटानं सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला, २०२३ ला छापून आला. ऑपरेशनमध्ये पेशी पसरू नयेत म्हणून गाठ काढायच्या आधी तिच्याभोवती भुलीचं साधं लिडोकेन टोचायचं, एवढंच. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरात ९० जणी हयात होत्या, न दिलेल्यांत ८६. इंजेक्शन अगदी स्वस्त असतं. तुमच्या सर्जनला आवर्जून विचारा.

जर्सीची_मुक्ता
पण रिकन्स्ट्रक्शनवर, म्हणजे नवीन स्तन बनवण्यावर, कुणीच बोलत नाहीये. नंतर करायचं म्हटलं तर परत एक ऑपरेशन लागतं, त्याच वेळी केलेलं बरं.

कुर्डुवाडीकर
त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलंय.

सांगलीचे_काका
मी काकांची मिसेस लिहितेय, त्यांच्याच मोबाईलवरून, ते बागेत गेलेत. ह्यांनी लिहिलेलं आत्ता वाचलं. मी बरी आहे हे खरं आहे. केमो लागला नाही हे पण खरं, पण टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोन अडवणारी, गोळी पाच वर्षं घेतली, ती डबीतून मीच काढून खायची म्हणून ह्यांच्या लक्षात नाही. तेव्हा डॉक्टरांशी हे आणि माझा भाऊ बोलले, काय ठरलं ते मला रात्री जेवताना सांगितलं. ह्यांचा हेतू वाईट नव्हता, घाबरले होते फार. पण माझं मला कुणी विचारलं नाही हे अजून सलतं. बाई, तुम्ही काय पण सांगा डॉक्टरांना, पण ते तुमचं असू द्या. काही लागलं तर मेसेज करा.

माढ्याची_बाई
काकू, तुमचं वाचून शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून रडले.
ठरवलंय, सांगते. सिस्टरताईंचे प्रश्न वहीत लिहून दोन्ही डॉक्टरांना फोनवर विचारले. दोघंही म्हणाले, आयुष्य दोन्हीत सारखंच. गाठ निपलच्या जवळ आहे आणि माझी अंगकाठी बारीक, त्यामुळे फक्त गाठ काढता येईल पण निपलही जाईल आणि आकार बराच बदलेल. जीन टेस्टचं मुक्ताताई, आमच्याकडे कुणालाच नव्हतं, तरी रक्त दिलंय. रिपोर्टला वेळ आहे, दुसऱ्या बाजूचं काही असेल तर ते आल्यावर बघू.
मी पूर्ण काढणार आहे, सोलापूरलाच. तुमच्यातल्या बहुतेकींनी ठेवा म्हणून सांगितलं आणि मंगळवारपर्यंत मलाही तेच वाटत होतं. पण मी नेहाताईंचे ते अकरा दिवस परत परत वाचत होते. कडेला काही निघालं का याची वाट बघणं, आणि पुढं दर वर्षी त्याच बाजूची मॅमोग्राफी करून रिपोर्ट हातात येईपर्यंत श्वास धरून बसणं, हे माझ्यानं होणार नाही. मी स्वतःला ओळखते. दहावीच्या निकालाच्या वेळी मी चार दिवस जेवले नव्हते. काखेत जास्त निघालं तर शेक लागेलच, तेव्हा बार्शी आहेच. काखेच्या पहिल्या गाठी तपासूनच पुढचं करणार म्हणाले. लिडोकेनचं विचारलं, तो अभ्यास त्यांनी वाचलेला होता, देतो म्हणाले.

नेहा_पुणे
खरं सांगू, मला वाईट वाटलं. माझ्या त्या अकरा दिवसांमुळे तुम्ही हे ठरवलं असेल तर मी लिहायलाच नको होतं. सगळ्यांचं मार्जिन पॉझिटिव्ह येत नाही हो, बहुतेकींचं एकदाच होतं.

माढ्याची_बाई
तुम्ही लिहिलंत तेच सगळ्यात उपयोगी पडलं नेहाताई. मनाला लावून घेऊ नका.

निवृत्त_सिस्टर
ठीक आहे बाई, विचारून, समजून घेतलंत, झालं. आता तयारी. समोरून बटणं असलेले दोन गाऊन शिवून घ्या, डोक्यातून घालायचं काही नको. ऑपरेशननंतर त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, बांगड्या घट्ट नकोत. उचलायचं महिनाभर काही नाही, सासूबाईंना कूस बदलून द्यायला आत्तापासून माणूस बघा, ते तुम्ही करायचं नाही म्हणजे नाही. जखमेतलं पाणी बाटलीत उतरवणारी ड्रेनची नळी आठदहा दिवस राहील, किती पाणी आलं ते रोज ठरल्या वेळी लिहायचं.

इचलकरंजीची_वैशाली
ड्रेनच्या बाटलीसाठी कापडी पिशवी शिवून घ्या, मला हॉस्पिटलमध्ये कुणी सांगितलं नाही आणि मी बाटली दोन दिवस हातात धरून संडासला जायचे. जुन्या सुती साडीचं कापड घ्या, टोचत नाही.

माढ्याची_बाई
माप काय घेऊ?

इचलकरंजीची_वैशाली
एक वीत रुंद, दीड वीत खोल. पट्टा उजव्या खांद्यावरून तिरका घ्या आणि एवढा लांब ठेवा की बाटली कंबरेच्या खाली राहील, वर गेली तर पाणी नीट उतरत नाही. दोन शिवा, एक धुवायला टाकली की दुसरी.