जागलीसाठी वॉकीटॉकी: कोणता सेट घ्यावा, कसा वापरावा?

तूरवाला_चिमूर

राम राम मंडळी. गाव चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या बफरला लागून. सहा जणांची वावरं एकाच नाल्याच्या दोन्ही अंगांना आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड किलोमीटर भरेल. तूर फुलावर आली की रोही आणि रानडुकरं सुरू होतात, पाठोपाठ हरभरा, त्यामुळे सहाही जागा रात्रभर राखाव्या लागतात. मचाणावर मोबाईलला एखादी काडी येते, खाली उतरलं की तीही जाते.

वॉकीटॉकी घ्यायचं ठरतंय. दुकानदार ५ वॅटचा सेट दाखवतो, म्हणतो दहा किलोमीटर चालतो आणि लायसन लागत नाही. दुसरीकडे अर्ध्या वॅटचे साधे सेट आहेत. कोणता घ्यावा? उभ्या तुरीतून आणि सागाच्या पट्ट्यातून आवाज किती जाईल? वावरात रात्री लाईन नसते, चार्जिंगचं काय? आणि वाघाची चाहूल लागली तर सेटवर नेमकं काय बोलावं म्हणजे गोंधळ होणार नाही?

रेडिओ_दुरुस्ती_वणी

आधी लायसनचं, कारण दुकानदार तिथेच चुकीचं सांगतोय. आपल्याकडे बिनलायसनची मोकळीक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्याला आहे, २०१८ च्या नियमांनुसार, आणि तीही कमी ताकदीच्या सेटला. ५ वॅटचे, आकड्यांची बटणं असलेले सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० अशा रुंद पट्ट्यात बोलतात. याच पट्ट्यांमध्ये पोलीस, वन विभाग, रेल्वे यांची बोलणी चालतात. असा सेट ४४६ वर लावून ठेवला तरी तो बिनलायसनचा होत नाही. ताकद जास्त आहे, शिवाय एक चुकीचं बटण दाबलं की तुम्ही दुसऱ्याच्या चॅनेलवर. बफरमध्ये गस्तीच्या बोलण्यात तुमचा आवाज घुसला तर त्यांच्या माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. असे सेट ऑनलाईन सर्रास विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फ्रिक्वेन्सी, लायसन लागतं की नाही आणि उपकरणाची मान्यता, म्हणजे ईटीए, हे विक्रेत्याने लिहायलाच हवं. खोक्यावर ४४६ आणि ईटीएचा उल्लेख नसेल तर सेट परत ठेवा. बिल घ्या आणि जपून ठेवा.

आता ताकदीचं. अर्ध्या वॅटवरून ५ वॅटवर गेलं म्हणजे ताकद दहापट, पण मोकळ्या मैदानातही अंतर फार तर तिप्पट, आणि झाडीत त्याहून खूप कमी. तुमच्या दीड किलोमीटरला खरा फरक उंचीने पडतो. खोक्यावरचे "५ किमी, १० किमी" हे आकडे टेकडीवरून टेकडीवर, मध्ये काहीच नसताना मिळणारे असतात.

घेताना एवढं बघा. सहाही सेट एकाच मॉडेलचे. बॅटरी निघणारी, लिथियम आयन. अंगावर आयपी ५४ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचं लिहिलेलं, कारण मार्गशीर्षातल्या दवाने साधा सेट पहाटेपर्यंत ओला होतो. कीपॅड लॉक होणारं. सहा माणसांना सात सेट घ्या, एक आणि एक जादा बॅटरी गावात राहू द्या. बिनलायसनच्या सेटचा अँटेना बहुधा पक्का बसवलेला असतो, तो कापून लांब दांडी लावायच्या भानगडीत पडू नका. ज्या सेटचा अँटेना फिरकीचा आहे, तो अँटेना काढून कधीही बटण दाबायचं नाही. ताकद बाहेर जायला वाट मिळत नाही, ती आतल्या आत परतते आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो. दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे.

हॅम_अमरावती

वणीच्या दादांनी सेटचं नीट सांगितलं. मी अंतर आणि बोलण्याचं सांगतो.

४४६ मेगाहर्ट्झची लहर साधारण ६७ सेंटिमीटरची. अशी लहर ओल्या पानात चटकन विरते. म्हणून पावसाळ्यातला हिरवा साग आणि फाल्गुन-चैत्रातला पानगळ झालेला साग यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कपाशीच्या मोकळ्या पट्ट्यात एक-दोन किलोमीटर सहज निघतात, पण डोक्याएवढ्या, दव पडलेल्या तुरीत खाली बसून बोललात तर पाचशे मीटरवरही खरखर येऊ शकते. तोच माणूस मचाणावर उभा राहिला की आवाज स्वच्छ. टिनाच्या छपराखाली, ट्रॉलीच्या आडोशाला किंवा नाल्याच्या घळीत सेट मुका होतो.

आवाज तुटत असेल तर ओरडू नका, दोन पावलं सरका. लहर झाडा-टेकड्यांवर आपटून येते, त्यामुळे हातभर अंतरावर एक जागा मेलेली आणि शेजारची जिवंत असते. अँटेना सरळ उभा धरा. सेट कमरेला लटकवून, वायरच्या माईकने बोललं तर शरीर आडवं येतं आणि पोहोच बरीच घटते.

खरेदीनंतर पहिलं काम दिवसा करा. एकाने मधल्या मचाणावर बसायचं, दुसऱ्याने सगळे धुरे, पांदण आणि नाला फिरत दर पन्नास पावलांवर एक ते पाच आकडे बोलायचे. मचाणावरच्याने कागदावर नकाशा काढून "साफ", "खरखर", "नाही" असं मांडायचं. हीच फेरी तूर पूर्ण वाढल्यावर पुन्हा घ्या, कारण आषाढातला नकाशा कार्तिकात लागू पडत नाही. दोन टोकांचं एकमेकांशी थेट लागत नसेल तर मधल्या मचाणावरच्याने निरोप पुढे द्यायचा. हे आधीच ठरलेलं असावं.

बोलायची पद्धत अशी. आधी ऐका, कोणी बोलत नाही ना. बटण दाबा, मनात "एक" म्हणा आणि मग बोला. बॅटरी वाचवायला समोरचा सेट मधूनमधून झोपतो, जागा व्हायला त्याला क्षण लागतो. बटणासोबतच तोंड उघडलं की पहिला शब्द खाल्ला जातो. "येऊ नका" मधला "येऊ" ऐकू आला नाही तर काय होईल, विचार करा. तोंडापासून सेट चार बोटं दूर, किंचित तिरपा, नेहमीच्या आवाजात. ओठाला लावून बोललं की आवाज फाटतो.

आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं:

"बोडी, बोडी, विहिरीवरून बोलतोय. ओव्हर."
"विहीर, बोडी ऐकतोय. बोला. ओव्हर."
"डुकरं पाच, मोहाच्या धुऱ्याने बोडीकडे. टॉर्च लावा, खाली उतरू नका. ओव्हर."
"डुकरं पाच, मोहाचा धुरा, खाली उतरत नाही. ओव्हर."
"बरोबर. आउट."

ऐकणाऱ्याने मुख्य गोष्ट परत म्हणून दाखवायची, नुसतं "हो हो" चालणार नाही. "ओव्हर" म्हणजे आता तुम्ही बोला, "आउट" म्हणजे बोलणं संपलं. सिनेमात दोन्ही एकदम म्हणतात, तसं करू नये.

माणसांच्या नावांऐवजी जागांची नावं ठेवा, आणि कानाला वेगळी वाटतील अशी. नाला आणि माळा ही जोडी खरखरीत एकच ऐकू येते. बोडी, विहीर, मोह, पांदण, कोठा, देऊळ अशी सहा घ्या. आकडे सुटे बोला: एकोणतीस नव्हे, "दोन, नऊ". सात आणि साठ यांतही घोटाळा होतो.

बफर_शेजारी

राजेहो, सेट असला की माणसाला वाटतं आपण एकटे नाही, आणि मग तो एकटाच अंधारात डुकरामागे उतरतो. हे होऊ देऊ नका. सेटने वाघ थांबत नाही. सेटचा खरा उपयोग आहे हजेरीला.

रात्री दर तासाला मधल्या मचाणावरून सहाही नावं क्रमाने पुकारा, प्रत्येकाने फक्त "बोडी ठीक" एवढंच म्हणायचं. कोणी बोललं नाही तर मिनिटभराने परत, मग आणखी एकदा. तीनदा उत्तर नाही आलं तर तो झोपला असेल असं गृहीत धरायचं नाही. किमान तिघांनी मिळून, टॉर्च आणि काठ्या घेऊन, मोठ्याने बोलत जायचं, आणि बाकीचे मचाणावर सेटजवळ. एकट्याने कोणीही बघायला जायचं नाही. हा नियम सहाही घरांत आधी बोलून ठेवा, बायामाणसांनाही माहीत असू द्या.

वाघ किंवा बिबट दिसला तर निरोप तीनच गोष्टींचा: काय, कुठे, कोणत्या दिशेने. आणि सगळ्यांना "वर थांबा". गाव जादा सेटच्या टप्प्यात असेल तर तिथल्या माणसाने, नाहीतर ज्या मचाणावर काडी येते तिथून, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला आणि गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाला कळवायचं. साप चावला, कोणी जखमी झालं, तर १०८. म्हणून जागल असेपर्यंत गावातला सेट चालू आणि कोणाच्या तरी उशाशी हवा. इअरफोन लावायचा तर एकाच कानात. दुसरा कान रानाचा आहे.

सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं यंत्र, असेल तर धुरा ओलांडायच्या आधी सेटवर विचारा: "झटका चालू की बंद?" उत्तर परत म्हणून घ्या. कोणी तारेत थेट लाईनचा करंट सोडत असेल तर त्याला रोखा. तो गुन्हा आहे, आणि त्यात वाघही मरतात, माणसंही मरतात.

विहिरीच्या खोदकामात सुरुंग लावतात तिथे आणखी एक धोका आहे. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या लांब तारा अँटेनाचं काम करू शकतात आणि जवळच्या सेटची ताकद पकडू शकतात. तारा जोडलेल्या असताना सेट बंद करून दूर ठेवा. दगडखाणीत आणि कोळशाच्या खुल्या खाणीजवळ रेडिओ बंद ठेवण्याची पाटी असेल तर ती तंतोतंत पाळा.

वीज कडाडायला लागली की मचाण सोडा आणि पक्क्या घरात जा, मोहाखाली थांबू नका. हातातला सेट वीज ओढत नाही, उंची ओढते. त्याच कारणाने अँटेना बांबूवर चढवू नका. आणि छातीत पेसमेकर असलेल्याने सेट शर्टाच्या खिशात ठेवू नये, वीतभर तरी लांब धरावा.

तूरवाला_चिमूर

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. अर्ध्या वॅटचेच सात सेट घेतो. दोन गोष्टी राहिल्या. झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी वावरात आहे, तिच्यावर सेट चार्ज होईल का? आणि बाजूच्या गावात असेच सेट आहेत, तिथे एकाला सगळ्यांचं ऐकू येतं पण त्याचं कोणालाच ऐकू जात नाही. कशामुळे?

रेडिओ_दुरुस्ती_वणी

१२ व्होल्ट थेट बॅटरीच्या पत्र्यांना लावू नका. सेटची बॅटरी एका सेलची असेल तर पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, दोन सेलची असेल तर ८.४. थेट १२ दिले की ती फुगते, पेटूही शकते. मधे कंपनीचाच चार्जर हवा. यूएसबीवर चालणारा स्टँड असेल तर गाडीत लावतात तसला १२ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर झटक्याच्या बॅटरीला फ्यूजसह जोडा. तरी माझं मत, दिवसा गावातच चार्ज करा. झटक्याची बॅटरी झटक्यालाच राहू द्या. बहुतेक वेळ ऐकणं आणि मोजकं बोलणं असेल तर चांगली बॅटरी एक रात्र काढते. बोलताना करंट ऐकण्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून गप्पा मोबाईलवर.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथवर जातो. उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा टिनाखाली ठेवू नका. हंगाम संपला की निम्मी भरलेली बॅटरी सेटमधून काढून थंड, कोरड्या जागी ठेवा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, चुलीत टाकायची नाही.

दुसरं दुखणं बहुधा कोडचं आहे. चॅनेलच्या आकड्याशेजारी जो छोटा आकडा असतो, तो सीटीसीएसएस टोन. सगळ्यांनी टोन लावलाय आणि त्या एकाच्या सेटवर तो शून्य आहे, म्हणून त्याला सगळे ऐकू येतात आणि त्याचा आवाज इतरांच्या सेटवर दाबला जातो. ताडून बघायचं तर इतरांनी मॉनिटरचं बटण दाबून धरावं. खरखर सुरू होईल, आणि त्यात त्याचा आवाज आला तर कोडचीच भानगड. सातही सेटवर चॅनेल आणि टोन दोन्ही सारखे करा, कीपॅड लॉक करा, आकडे मागे चिकटपट्टीवर लिहा. टोनने बोलणं गुप्त राहत नाही, फक्त इतरांची बडबड तुमच्या स्पीकरवर येत नाही. त्याच चॅनेलवर रिसॉर्टवाले बोलत असतील तर त्यांच्या आवाजाखाली तुमचा दबेल, तेव्हा चॅनेलच बदला. बदलीचा चॅनेल कोणता, हेही त्याच पट्टीवर लिहून ठेवा.

हॅम_अमरावती

भर म्हणून दोन सेटिंग सांगतो. व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप सुरू होणं, ते बंद ठेवा. वाऱ्याच्या सळसळीनेही सेट बोलायला लागतो. आणि टाइमआउट साठ सेकंदांवर लावा. अंथरुणात किंवा पिशवीत बटण दाबलं गेलं तर तो एक सेट सगळ्यांचा चॅनेल अडवून बसतो, कोणालाच हाक मारता येत नाही. टाइमआउट असेल तर मिनिटाने तो आपोआप सुटतो. ज्या मॉडेलमध्ये ही सोय नाही ते घेऊ नका.