दारावरचं स्वस्तिक पुसावं का?

रानजाई: दिवाळीला आई म्युनिकला आली होती. लक्ष्मीपूजनाला तिने सवयीने दाराबाहेर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चार घरांत चार ठिपके दिले. इथे जर्मनीत कुणाला ते हिटलरच्या नाझींचं चिन्ह वाटेल, म्हणून मी ओलं फडकं घेऊन धावले. "अगं, लक्ष्मी यायच्या वेळेला पुसतेस?" एवढंच म्हणाली ती. कुंकवाचा लालसर डाग अजून चौकटीवर आहे आणि मला चैन नाही. 'सु' आणि 'अस्ति', कल्याण असो, एवढाच ज्याचा अर्थ, ते मी पुसायला नको होतं. तुम्ही काय केलं असतं?

सह्यकडा: मुळीच पुसलं नसतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ते आहे, जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहे, जैन तीर्थंकर सुपार्श्वनाथांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, तेच. नाझी पक्षाने ते घेतलं १९२० साली, आणि नाव दिलं 'हाकेनक्रॉइझ', म्हणजे आकडेदार क्रूस. शिवाय त्यांचं उलटं, आपलं सुलटं.

पिंपळपान: असहमत. आणि ते उलटं-सुलटं कृपा करून थांबवा. त्यांच्या झेंड्यावरचंही आपल्यासारखंच उजवीकडे वळतं, फक्त ४५ अंशांत तिरकं केलेलं. डावीकडे वळणारं तर जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण आहे. साठ लाख ज्यू ज्या झेंड्याखाली मारले गेले, तो ज्यांच्या घरच्यांनी पाहिला त्यांना व्युत्पत्ती सांगून काय होणार? आपण तरी कुठे भान ठेवलं? २००६ मध्ये नवी मुंबईत एका रेस्टॉरंटला हिटलरचं नाव दिलं, ज्यू समाजाने विरोध केला तेव्हा बदललं. बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे ज्यू, आपल्या कोकणातलेच ना?

सह्यकडा: दिशेचं चुकलो, मान्य. नवी मुंबईचं तर लाजिरवाणंच. पण म्हणून आपलं शुभचिन्ह का सोडायचं? १९४० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात नवाहो, होपी आणि आणखी दोन मूळनिवासी जमातींनी कागदावर सह्या करून आपल्या घोंगड्या-टोपल्यांवरचं हेच चिन्ह सोडलं. पूर्वजांचं मैत्रीचं चिन्ह होतं ते. नाव बुडालं ते नाझींचं, विणकामातली खूण गेली ती यांची. मला हे सहन होत नाही.

पिंपळपान: त्यांनी ते निषेध म्हणून सोडलं. त्याला हार म्हणू नका.

गोदाकाठ: कायद्याला फरक करता येतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणली, पण हिंदू, बौद्ध, जैनांच्या धार्मिक वापराला सूट ठेवली.

रानजाई: कायद्याला घाबरून नव्हे हो, समोरच्या आजी काठी टेकत जिना चढत होत्या म्हणून धावले मी. नव्वदीच्या आहेत, त्यांच्या घरात काय घडलं मी कधी विचारलेलं नाही. पुढच्या दिवाळीआधी त्यांना चहाला बोलावीन, कुंकवाचा करंडा दाखवीन, सगळं सांगेन. त्या नको म्हणाल्या तर देवघरात काढीन.

सह्यकडा: चहाला जरूर बोलवा. पण स्वस्तिक दारावरच काढा.